ख्रिस्तायनाची जन्मकथा



भिलाईहून नागपूरकडे जाणाऱ्या गाडीत आपण बसलो की दुर्ग मागे पडल्यावर अर्ध्या-पाऊण तासात राजनांदगाव येते. गाडी तेथे फार वेळ थांबत नाही. चहा विकणारी पोरे खिडक्यांवरून धावत जातात, चार माणसे उतरतात, सहा चढतात आणि गाडी हलते. पुढे डोंगरगडची टेकडी, दरेकसा-सालेकसाचे जंगल, गोंदिया आणि मग नागपूरचे वेध. पवित्र शास्त्राच्या भाषांतराच्या कामानिमित्त या मार्गाने मी इतक्या वेळा गेलो आहे की कोणत्या वळणावर ऊन कोणत्या खिडकीतून येते हेही मला पाठ झाले आहे. तरी राजनांदगावाचे स्थानक आले म्हणजे हातातील कागद आपोआप खाली ठेवले जातात. आपल्या मराठी मंडळीच्या वाङ्मयातील एका मोठ्या ग्रंथाचे बीज याच लोहमार्गावर, धावत्या गाडीच्या डब्यात पडले. तो ग्रंथ म्हणजे ‘ख्रिस्तायन’ आणि तो आरंभिणारे कवी म्हणजे नारायण वामन टिळक.

आपल्यापैकी बहुतेकांनी टिळकांची गीते आधी ऐकली आणि टिळक नंतर वाचले. उपासनेत आपण जी मराठी गीते गातो, त्यांतील शंभराहून अधिक त्यांची आहेत. परंतु गीत गाताना ते कोणत्या घरात आणि कोणाच्या जिवावर लिहिले गेले याचा विचार आपण सहसा करीत नाही. पुस्तकामागे लेखकाचा शोध कोणता, प्रेरणा कोणती, असे आपण विचारतो, आणि लेखकही ग्रंथालयांची व गुरुजनांची नावे सांगून मोकळा होतो. ‘ख्रिस्तायना’च्या बाबतीत एवढ्याने भागत नाही. त्याच्या मुळाशी जायचे तर टिळकांचे आयुष्यच उघडावे लागते, आणि ते उघडले की शेजारी आणखी एक आयुष्य उघडे पडते.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. घराणे चित्पावन ब्राह्मणाचे. आई जानकीबाई लवकर गेल्या आणि मुलाचे घराशी असलेले नाते सैल झाले ते कायमचेच. नाशिकास गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी त्यांनी संस्कृत काव्याचा अभ्यास केला. इंग्रजी शिक्षण दोन वर्षांच्या पलीकडे गेले नाही. १८८० साली नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखले घराण्यातील मनकर्णिकेशी त्यांचे लग्न झाले. वधू अकरा वर्षांची होती. हीच पुढे लक्ष्मीबाई टिळक.

त्यानंतरची दहा-बारा वर्षे टिळक एका जागी टिकले नाहीत. कधी शिक्षक, कधी पुराणिक, कधी छापखान्यातील जुळारी. ‘ऋषी’ नावाचे मासिकही त्यांनी चालविले. मनात आले की उठावे, घरी सांगावे न सांगावे, निघून जावे. हातात पैसा आला की तो ज्याला हवा त्याला देऊन टाकावा. आज आपण याला वैराग्य म्हणून गौरवितो. घरात शिजवायला काय आहे हे ज्या बाईला पाहावे लागे, तिच्या दृष्टीने त्याचे नाव निराळे असणार. हे मी टिळकांविषयी कमी आदर म्हणून लिहीत नाही. परंतु संतचरित्राच्या झुलीखाली माणूस झाकून टाकण्याची आपल्याला सवय आहे आणि टिळकांना ती झूल स्वतःलाच आवडली नसती असे मला वाटते.

१८९१ च्या सुमारास ते नागपुरास आले. तेथील श्रीमंत आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांच्या भाषांतराचे काम त्यांना मिळाले. मनात मात्र दुसरेच चालले होते. जातिभेदाने पोखरलेल्या या देशाला कोणता धर्म एकत्र आणील, या प्रश्नाने त्यांना घेरले होते. खऱ्या धर्माची लक्षणे कोणती याचा ते आपल्याशी आराखडा मांडीत आणि तसा धर्म आढळला नाही तर नवा स्थापावा येथपर्यंत त्यांचे विचार गेले होते. वाचकहो, हे लक्षात ठेवावे. गाडीत त्यांना जे भेटले ते रिकाम्या हातांनी बसलेल्या माणसाला भेटले नाही. प्रश्न त्यांनी बरोबर आणला होता.

१८९३ साल. नागपूर ते राजनांदगाव हा लोहमार्ग सुमारे २३५ किलोमीटरांचा. त्या दशकाच्या आरंभीच बंगाल-नागपूर रेल्वेने तो बिलासपूरवरून पूर्वेकडे आसनसोलपर्यंत नेऊन जोडला होता. राजनांदगाव हे लहानसे संस्थान असून राजा बलरामदास तेथे राज्य करीत होते. टिळक नोकरीच्या शोधात तिकडे निघाले होते. डब्यात एक गोरे गृहस्थ होते. त्या काळी गोरा प्रवासी डब्यात असला की देशी माणसाने अंग चोरून बसावे असा रिवाज. हे गृहस्थ मात्र सौजन्याने वागले. बोलणे काव्यावरून धर्मावर आले. गृहस्थांनी टिळकांच्या हाती नवा करार दिला, तो वाचावा अशी विनंती केली, आणि दोन वर्षांच्या आत आपण ख्रिस्ती व्हाल असे भाकीतही करून टाकले. टिळकांना ते हास्यास्पद वाटले. तरी वाचण्याचे वचन त्यांनी दिले. हे गृहस्थ म्हणजे फ्री मेथॉडिस्ट मिशनचे अर्नेस्ट वॉर्ड. बऱ्हाणपूर व वऱ्हाड या भागांत त्यांनी दीर्घकाळ सेवा केली.

दिलेले वचन टिळकांनी पाळले, आणि पाळले ते त्यांच्या अभ्यासाच्या रीतीने. हाती पेन्सिल घेऊन, महत्त्वाच्या वाक्यांवर खुणा करीत ते वाचू लागले. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी येऊन ते थांबले. पुढे पान उलटवेना. प्रत्येक वाक्याखाली रेघ ओढावी अशी अवस्था झाली. ज्या प्रश्नांनी त्यांना वर्षानुवर्षे छळले होते, त्यांची उत्तरे त्यांना त्या तीन अध्यायांत दिसू लागली.

आम्ही भाषांतर करणारी माणसे याच तीन अध्यायांवर महिनोन्‌महिने बसतो. ‘आत्म्याने दीन’ हे शब्द घेऊन आमच्या बैठकीत एकदा सबंध दुपार गेली होती. एका शब्दाला दहा पर्याय निघतात, प्रत्येकाला आक्षेप निघतो, चहा गार होतो. अशा वेळी टिळकांच्या त्या पेन्सिलीची मला आठवण होते आणि थोडी लाजही वाटते. आमच्याही पानांवर खुणा असतात, पण त्या बहुतेक व्याकरणाच्या.

राजनांदगावच्या वास्तव्यात हे मंथन चालू राहिले. मुंबईच्या अमेरिकन मराठी मिशनमधील डॉ. जस्टिन अ‍ॅबट यांच्याशी टिळकांचा पत्रव्यवहार झाला. हे अ‍ॅबट पुढे मायदेशी परतल्यावर महाराष्ट्रातील संतकवींचे इंग्रजी भाषांतर करीत बसले. एकनाथ, तुकाराम, बहिणाबाई त्यांनी इंग्रजी वाचकांपुढे ठेवले. एका बाजूने डोंगरावरील प्रवचन मराठी कवीकडे गेले आणि दुसऱ्या बाजूने त्या कवीच्या संतांची वाणी इंग्रजीत गेली. ही देवघेव मला फार मोलाची वाटते. (राजनांदगावाचे कवींशी काही ऋणानुबंध असावेत. मराठी घरात जन्मून हिंदीत लिहिणारे गजानन माधव मुक्तिबोध यांची अखेरची वर्षे याच गावी, दिग्विजय महाविद्यालयात शिकविण्यात गेली. परंतु तो विषय वेगळा.)

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. अर्नेस्ट वॉर्ड यांच्या भाकिताची मुदत जवळजवळ तंतोतंत पाळली गेली.

लक्ष्मीबाई त्या वेळी त्यांच्याजवळ नव्हत्या. त्यांना कोणी विचारले नव्हते, सांगितलेही नव्हते. बातमी आली ती सगळे घडून गेल्यावर. आपल्या सभांतून टिळकांच्या परिवर्तनाची साक्ष सांगितली जाते तेव्हा वक्ता बाप्तिस्म्यापाशी येऊन थांबतो आणि आपण प्रभूची स्तुती करतो. मला आपल्याला त्यानंतरच्या दिवसाकडे न्यायचे आहे. सव्वीस वर्षांची स्त्री, पदरी लहानगा दत्तू, नवरा जिवंत असून नसल्यासारखा. तिला विधवा म्हणता येत नाही आणि सवाशीणही म्हणवत नाही. जिच्या माहेरी सोवळ्याओवळ्याचा कहर होता आणि दुसऱ्याची सावलीदेखील चालत नसे, तिचा नवरा धर्म सोडून गेला. लोकांच्या बोलण्याला सीमा राहिली नाही. थोरल्या बहिणीने तिला आधार दिला. पंढरपुरास काही काळ गेला. त्या दिवसांत लक्ष्मीबाईंच्या मनाची अवस्था वेड लागण्याच्या काठावर गेली होती, आणि त्याच दिवसांत त्यांना कविता सुचू लागली. शाळेचे तोंड न पाहिलेली बाई. अक्षरओळख झाली होती ती नवऱ्याच्या लहरीने, तुकड्यातुकड्याने.

सुमारे चार-पाच वर्षे हा वियोग चालला. टिळक पत्रे लिहीत राहिले आणि त्यांनी दुसऱ्या विवाहाचा विचार मनात आणला नाही, हेही नमूद केले पाहिजे. शेवटी लक्ष्मीबाई अहमदनगरास आल्या. आल्या त्या स्वतःचे सोवळे, स्वतःची चूल आणि स्वतःचे मत घेऊन. टिळकांनी या वेळी घाई केली नाही. पूर्वी जे शिकले नव्हते ते ते येथे शिकले असे दिसते. त्यांनी पत्नीवर धर्माचा आग्रह धरला नाही. लक्ष्मीबाईंच्या मनातील जातीची भिंत तिच्या तिनेच पडली. जाती माणसांनी केल्या आहेत, देवाने नव्हे, असा एके दिवशी त्यांचा निश्चय झाला आणि त्या सर्वांच्या हातचे पाणी प्याल्या. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. टिळकांच्या घरातील दुसरे परिवर्तन पहिल्याहून संथ होते आणि माझ्या मते अधिक कठीण होते.

नगरची वर्षे कामाची होती. टिळक तेथील ईश्वरविद्येच्या शाळेत शिकवीत. १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. घर दुष्काळातील अनाथ मुलांनी आणि होतकरू कवींनी भरलेले असे. ‘बालकवी’ ठोंबरे याच घरात राहून गेले. १९१२ पासून टिळक ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादक झाले. गीते, अभंग, मुलांच्या कविता, लेख यांना खळ नव्हता.

या धबडग्यात १९०९ साली ‘ख्रिस्तायना’चा आरंभ झाला.

नावावरूनच कल्पना ध्यानी येते. रामाचे अयन ते रामायण, ख्रिस्ताचे अयन ते ख्रिस्तायन. प्रभू येशूचे चरित्र ओवीत सांगावे, ते घरोघर वाचता यावे, दिवेलागणीला एकाने म्हणावे आणि इतरांनी ऐकावे, अशा जातीचे हे काव्य. मराठीत असा प्रयत्न पूर्वी झाला होता. फादर स्टीफन्स यांनी गोमंतकात साष्टीत बसून अकरा हजारांच्या जवळपास ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले आणि ते १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. कित्येक पिढ्या तो ग्रंथ मोठ्या वाचकवर्गाच्या दृष्टीआड होता. १९०७ साली मंगळूरला जोसेफ साल्ढाणा यांनी त्याची नवी आवृत्ती काढली. त्यानंतर दोन वर्षांनी टिळकांनी लेखणी उचलली. या दोन घटनांत कार्यकारणाचा धागा मी ओढूनताणून जोडत नाही. तारखा तेवढ्या आपल्यापुढे ठेवतो.

आता शोधाचा प्रश्न. टिळकांनी पॅलेस्टाइन पाहिले नव्हते. पाश्चात्त्य पंडितांनी येशूचरित्रावर जे ढीगभर ग्रंथ त्या काळी लिहिले होते, त्यांवर त्यांची भिस्त नव्हती. त्यांचे साहित्य दोन ठिकाणांहून आले. एक, पेन्सिलीने खुणा केलेली शुभवर्तमाने. दुसरे, लहानपणापासून कानांत मुरलेली संतवाणी. तुकोबांचा पूल ओलांडून आपण ख्रिस्ताच्या चरणांपाशी आलो असे ते सांगत. ज्याने तो पूल ओलांडला त्याला परत जाऊन पलीकडच्या माणसांना त्याच पुलावरून आणायचे होते, आणि त्यासाठी ओवीखेरीज दुसरे वाहन त्यांना मानवले नसते. इंग्रजी चालींवर बसविलेली भाषांतरित गीते आपल्या मंडळीत कशी परकी वाटत हे त्यांनी रोज ऐकले होते.

परंतु हा ग्रंथ पुढे सरकेना. दहा वर्षांत त्यांच्या हातून दहा-अकरा अध्याय झाले. कारणे शोधायला लांब जावे लागत नाही. ज्याच्या दाराशी रोज कोणी ना कोणी उभे आहे, ज्याला दर आठवड्याला नियतकालिकाची पाने भरायची आहेत, आणि ज्याला गीत सुचले की ते त्याच दिवशी म्हणून दाखवावेसे वाटते, त्याच्या हातून महाकाव्य होणे अवघड. टिळकांची प्रतिभा सरीसारखी होती. ती येई, भिजवून जाई. महाकाव्याला विहिरीचे पाणी लागते, रोज तेवढेच उपसायचे. शिवाय १९१७ साली त्यांनी आणखी एक उडी घेतली. मिशनची नोकरी सोडून ते संन्यस्त वृत्तीने राहू लागले आणि ‘देवाचा दरबार’ नावाचा बंधुसमाज त्यांनी काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे ख्रिस्ताचे सर्व भक्त त्यात यावेत ही त्यांची इच्छा. साताऱ्यास त्यांनी नवे घर मांडले. मांडले म्हणजे अर्थात लक्ष्मीबाईंनी मांडले. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. ‘ख्रिस्तायन’ तसेच राहिले. ‘दरबार’ही त्यांच्यामागे फार काळ टिकला नाही.

येथे थोडे माझ्याविषयी सांगण्याची परवानगी द्यावी. माझ्या पहिल्या भाषांतराचे मसुदे माझ्या पत्नीने स्वच्छ हस्ताक्षरात तीनदा उतरवून काढले होते. मुले निजल्यावर, स्वयंपाकघरातील दिव्याखाली. तिसऱ्या वेळी तिने एका वाक्यावर बोट ठेवले आणि अशी मराठी कोणी बोलत नाही असे मला सांगितले. मी रागावलो. दोन दिवसांनी ते वाक्य बदलले, आणि बदलले ते तिने सुचविले तसेच. पुस्तक निघाले तेव्हा प्रस्तावनेत मी गुरुजनांचे, मंडळाचे, मुद्रकांचे आभार मानले. तिचे नाव घालायचे राहून गेले. तिने कधी त्याचा उच्चार केला नाही. ‘ख्रिस्तायना’च्या उत्तरार्धाकडे मी वळलो तो या गोष्टीनंतर.

टिळक गेले तेव्हा लक्ष्मीबाई पन्नाशीला आल्या होत्या. मुंबईत मुलींच्या वसतिगृहाची देखरेख, पुढे कराचीचे वास्तव्य, पोटापाण्याची ओढाताण, हे सारे त्यांनी केले. आणि मध्येच केव्हातरी नवऱ्याचे ते अपुरे काव्य त्यांनी पुढ्यात ओढले. टिळकांच्या दहा-अकरा अध्यायांना त्यांनी आपले चौसष्ट अध्याय जोडले. चौसष्ट! संस्कृतपंडिताने आरंभिलेले महाकाव्य शाळा न पाहिलेल्या स्त्रीने तडीस नेले. वाचकहो, हा आकडा आपण ऐकतो आणि पतिभक्तीचा नमुना म्हणून त्याची वाखाणणी करून मोकळे होतो. मला ते पुरेसे वाटत नाही. ज्या येशूने आपला नवरा आपल्यापासून नेला असे जिला एके काळी वाटले, तीच आता त्याच येशूचे चरित्र, जन्मापासून नव्हे तर जेथे नवऱ्याने सोडले तेथून पुढे, ओवी ओवीने सांगत बसली. त्या पाच वर्षांचा हिशेब मनात असल्यावाचून हे काम होत नाही, आणि तो हिशेब मिटल्यावाचूनही होत नाही.

लक्ष्मीबाईंचा शोध कोणता? ग्रंथालय त्यांच्यापाशी नव्हते. मराठी पवित्र शास्त्र होते, टिळकांसोबतच्या संसारात ऐकलेले सारे काही होते, आणि घरसंसाराचे ज्ञान होते. पिठात खमीर कालवणारी बाई, हरवलेल्या नाण्यासाठी घर झाडणारी बाई, पाणी भरायला भर दुपारी विहिरीवर आलेली शोमरोनी बाई, यांच्याविषयी भाष्यकार पुष्कळ लिहितात. लक्ष्मीबाईंनी स्वतः घर झाडले होते, आणि पाणी शिवणे-न शिवणे म्हणजे काय हे त्यांना कोणत्याही भाष्यकाराने सांगण्याची गरज नव्हती. त्यांची ओवी टिळकांच्या ओवीएवढी नटलेली नाही. ती पायी चालते. मला तर दूरच्या वाटेला तीच बरी वाटते, पण याविषयी रसिकांत मतभेद होऊ शकेल.

याच काळात मुलाने, देवदत्तांनी, वडिलांच्या आठवणी लिहून द्याव्यात म्हणून आईच्या मागे लकडा लावला. टिळकांचे चरित्र व्हावे हा त्यांचा हेतू. लक्ष्मीबाईंनी आठवणी लिहिल्या, आणि चरित्राच्या साधनाऐवजी त्यांतून ‘स्मृतिचित्रे’ हा स्वतंत्र ग्रंथ जन्मला. १९३४ साली त्याचा पहिला भाग निघाला आणि अवघ्या महाराष्ट्राने, ख्रिस्ती आणि ख्रिस्तेतर, तो डोक्यावर घेतला. त्यात टिळकांवर रागावणे आहे, त्यांना हसणे आहे, आणि त्यांना देव्हाऱ्यात बसविणे कोठेच नाही. पानापानांतून टिळक चालतात-बोलतात ते त्यामुळेच. आज टिळकांचे जे जिवंत चित्र आपल्या मनात आहे, ते बहुतांशी या बाईच्या हातचे आहे.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई वारल्या. ‘ख्रिस्तायन’ हस्तलिखितातच होते. देवदत्तांनी ते सिद्ध केले आणि १९३८ साली ते छापून निघाले. आरंभिणारा कवी जाऊन एकोणीस वर्षे झाली होती आणि पुरे करणारी जाऊन दोन. ज्या मुलाने ते छापले, तो त्याच्या बापाने मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा आईच्या कडेवर होता.